विंचवाचें विष व हृदयाचीं द्वारें

सोलापूर जिल्ह्यांत ज्याचें बालपण गेलें, त्याला विंचवाची ओळख करून द्यावी लागत नाहीं. माळवदी घरांच्या तुळयांत, दगडी भिंतींच्या सांदींत, गोवऱ्यांच्या ढिगांत आणि कडब्याच्या गंजींत हा प्राणी आमच्या बरोबरीनें नांदत आला आहे. अंथरूण झटकल्यावांचून निजूं नये, पायतण उलटें करून आपटल्यावांचून त्यांत पाय घालूं नये, हे नियम आम्ही रामरक्षेच्याहि आधीं शिकलों.

लोकांना विशेष भय वाटे तें काळ्याकुळकुळीत इंगळीचें. तिचा आकारच असा कीं पाहणाऱ्याच्या अंगावर कांटा यावा. परंतु अशा मोठ्या, काळ्या, जाड चिमट्यांच्या विंचवाचा दंश बहुधा वेदना देऊनच थांबतो. प्राण घेतो तो त्याहून लहान, तांबूस, बारीक चिमट्यांचा व जाड शेपटीचा विंचू. १७९८ सालीं फॅब्रिशियस या प्राणिशास्त्रज्ञानें त्याला तमिळ देशावरून ‘टॅम्युलस’ असें नांव दिलें. पण कोंकणापासून आमच्या माळरानापर्यंत त्याचा संचार आहे. याच विंचवाच्या विषांतून अमेरिकेंतील संशोधकांनीं एक द्रव्य वेगळें काढून १९९० सालीं त्याची माहिती प्रसिद्ध केली. त्याचें नांव आयबेरिओटॉक्सिन. हृदयाच्या स्पंदनाचा अभ्यास करणारे लोक आज तें प्रयोगशाळेंत मोठ्या जपणुकीनें वापरतात.

मीं तीस वर्षें शाळेंत विज्ञान शिकविलें. पण ही गोष्ट मला कळली ती माझ्या पुतणीकडून. ती परदेशांत याच विषयाचें संशोधन करते. तिनें मला समजावून दिलें तें असें. हृदयाची प्रत्येक पेशी म्हणजे पुष्कळ दरवाजे असलेला एक वाडा समजावा. सोडियमचे दरवाजे उघडले कीं पेशी चेतते. कॅल्शियम आंत आलें कीं ती आकुंचन पावते. आणि पोटॅशियम बाहेर पडूं लागलें म्हणजे ती शांत होऊन पुढच्या ठोक्यास सिद्ध होते. नुसत्या पोटॅशियमच्याच दरवाजांचे कितीतरी प्रकार आहेत. त्यांतला कोणता काय काम करतो हें जाणण्याचा एक उपाय असा कीं, तेवढाच बंद करावा आणि काय बिघडतें तें पाहावें. परंतु शेजारच्या दरवाजास धक्का न लावतां नेमका एकच बंद करणारें द्रव्य सहजासहजीं मिळत नाहीं. आयबेरिओटॉक्सिन ही ३७ अमिनो आम्लांची एक लहानशी सांखळी आहे. कॅल्शियमच्या इशाऱ्यानें उघडणारा पोटॅशियमचा जो एक मोठा दरवाजा आहे, त्याच्या तोंडावर ती बाहेरून बुचासारखी बसते. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, शरीराबाहेर काढून जिवंत ठेवलेल्या उंदरांच्या हृदयांना हें बूच लावलें असतां त्यांचे ठोके ४२ टक्क्यांनीं मंदावले. या दरवाजाचा ठोक्यांच्या गतीशीं प्रत्यक्ष संबंध असेल, असें तोंवर कोणी फारसें मानीत नव्हतें. दुसऱ्या एका जातीच्या विंचवाच्या अशाच विषाची मदत घेऊन रॉडरिक मॅकिनन यांनीं पोटॅशियमच्या दरवाजाचें तोंड कोठें आहे याचा माग काढला. पुढें त्याची संपूर्ण घडण उलगडली आणि २००३ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी झाले.

पुतणी हें सांगत असतां घरांतलीं सारीं मंडळी कौतुकानें ऐकत होतीं. एक आमच्या मातोश्री मात्र गप्प होत्या. त्यांच्यापुढें विंचवाची स्तुति करणें आमच्या घरीं सोपें नाहीं.

१९५२ सालच्या वैशाखांत, मोहोळ तालुक्यांतील आमच्या जुन्या घरीं, माझ्या धाकट्या आत्याला माळवदावर निजली असतां विंचू चावला. ती नऊ वर्षांची होती. मीं तिला पाहिलेली नाहीं. मांत्रिक आला, त्यानें राख लावून मंत्र म्हटले. पोर म्हणाली, “आतां फारसें दुखत नाहीं.” विंचू उतरला, मात्र उजाडेपर्यंत पाण्याचा थेंब देऊं नका, असें बजावून तो निघून गेला. इकडे पोरीचे केस घामानें निथळत होते, हातपाय गार पडले होते, दोनदां उलटी झाली होती आणि ती सारखी पाणी मागत होती. आई तेव्हां एकोणीस वर्षांची सून. तिला राहवलें नाहीं. तिनें सासूची नजर चुकवून नणंदेला घोटभर पाणी पाजलें. पहांटे पोरीस धाप लागली, तोंडास फेंस आला आणि ती गेली. पाणी दिल्याचें आईनेंच रडत सांगितलें. पुढें कोणी तिला उघड बोल लावला नाहीं. परंतु आजी असेपर्यंत दर वैशाखांत “पाणी दिलें नसतें तर—” एवढें अर्धें वाक्य बोलून थांबत असे, आणि आई मुकाट्यानें चुलीपुढें वळत असे. आज तिला ब्याण्णवावें वर्ष चालू आहे.

या मृत्यूचें खरें कारण पुढें कोंकणांत उमगलें. डॉ. हिंमतराव बावस्कर हे मूळचे जालना जिल्ह्यांतले. महाडजवळच्या बिरवाडी येथील सरकारी आरोग्यकेंद्रांत ते नोकरीस लागले, आणि विंचूदंशाचे रोगी त्यांनीं रात्र रात्र उशाशीं बसून पाहिले. १९८२ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत त्यांनीं लिहिलें त्याचा मथितार्थ असा कीं, दरदरून घाम, उलटी व थंडगार हातपाय हीं हृदयावरील संकटाचीं पूर्वचिन्हें होत. विष अंगांत भिनलेल्या रोग्यास दंशाच्या जागीं वेदना थोडीच असूं शकते, हेंहि अनुभवास आलें. म्हणजे ज्या क्षणीं मांत्रिक “उतरला” म्हणे, तोच कित्येकदां खरा संकटाचा क्षण असे. काळ्या विंचवाचा रोगी कसाहि बरा व्हावयाचाच. मांत्रिकाची कीर्ति त्याच्या जिवावर वाढली. तांबड्या विंचवाच्या विषांतील मुख्य मारक अंश पोटॅशियमच्या दरवाजांचा नव्हे. तो सोडियमचे दरवाजे मिटूं देत नाहीं. मज्जातंतू बेफाम होतात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतें आणि फुप्फुसांत पाणी भरतें. तोंडास येणारा फेंस तो हाच. बावस्करांनीं रक्तदाबाच्या विकारासाठीं असलेलें प्राझोसिन हें साधें औषध योजलें आणि १९८६ सालीं त्याचे परिणाम प्रसिद्ध केले. तीव्र दंशाच्या रोग्यांत शेंकडा तीसच्या आसपास असलेलें मृत्यूचें प्रमाण त्यामुळें शेंकडा एकवर आलें. २०२२ सालीं सरकारनें त्यांना पद्मश्री दिली. माझ्या मतें ती फार उशीरां दिली.

हें सारें पुतणीनें आजीला सावकाश सांगितलें. पाण्यानें कांहींहि झालें नाहीं. उलट घाम व उलट्या यांनीं शरीरांतलें पाणी आटतें, म्हणून रोगी शुद्धीवर असला तर डॉक्टर स्वतः पाणी पाजवितात, हेंहि सांगितलें. आई बराच वेळ पदराचें टोंक बोटाभोंवतीं गुंडाळीत बसली. मग म्हणाली, “मग घोटभरच कां ग दिलें मीं?” आम्हां कोणापाशींहि याला उत्तर नव्हतें. थोड्या वेळानें तिनें विचारलें, “त्या मेल्याला एवढें विष हवें तरी कशाला?” पुतणी म्हणाली, “झुरळें आणि नाकतोडे मारायला, आजी. माणूस त्याचें भक्ष्यच नव्हे.”

आतां तिच्या प्रयोगशाळेंत आयबेरिओटॉक्सिनसाठीं विंचू धरावा लागत नाहीं. तें कृत्रिम रीतीनें तयार करतां येतें. विंचूदंशावर प्रतिविषहि निघालें आहे. बावस्कर पतिपत्नींनीं २०११ सालीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें दाखवून दिलें कीं, प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिलेले रोगी नुसत्या प्राझोसिनवर ठेवलेल्यांपेक्षां लवकर बरे होतात. मात्र रोगी वेळेवर दवाखान्यांत पोंचला पाहिजे. कडबा हलविण्याच्या दिवसांत गांवाकडे जाणाऱ्या कुटुंबांनीं म्हणून एवढें ध्यानांत ठेवावें: दंश झालेल्या मुलाचें कपाळ व तळहात हातानें चांचपून पाहावे. ते ओले आणि गार लागले, तर दुखतें कीं नाहीं याची चौकशी करीत बसूं नये. तत्काळ वाहन काढावें, आणि तहान लागली तर वाटेंत पाणी द्यावें.