फिरत्या घराच्या दारचा दिवा

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर असतें, असें आपण म्हणतों. अमेरिकेंत मात्र पुष्कळ कुटुंबें आपलें बिऱ्हाड मोटारीच्या मागें जोडून प्रवासास निघतात. निजावयास जागा, शेगडी, मोरी असें सर्व कांहीं असलेल्या या चाकांवरील घरास ट्रेलर म्हणतात. आमच्या पुतण्याच्या अशा ट्रेलरमधून आम्ही एप्रिलांत फीनिक्सहून ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावर गेलों.

मुक्काम मॅदर नांवाच्या तळावर होता. हें स्थळ सुमारें ७,००० फूट उंचीवर असून तेथें ट्रेलरला विजेची जोडणी मिळत नाहीं. सारी भिस्त ट्रेलरमधील १२ व्होल्टच्या बॅटरीवर. हवा तापविणारी भट्टी गॅसवर चालते खरी, परंतु तिचा पंखा बॅटरीवरच फिरतो. बॅटरी उतरली, तर पहांटेच्या गारठ्यांत वडील माणसांचे हाल ठरलेले.

दुसरी गोष्ट काळोखाची. २०१९ सालीं या उद्यानास ‘इंटरनॅशनल डार्क स्काय पार्क’, म्हणजे काळोख्या आकाशाचें उद्यान, अशी मान्यता मिळाली. डोळे काळोखास सरावण्यास वीस-तीस मिनिटें लागतात. तेवढ्यांत शेजारचा एखादा दिवा डोळ्यांवर आला, कीं आकाशगंगा पाहूं इच्छिणाऱ्यास पुनः आरंभापासून वाट पाहावी लागते.

ट्रेलरच्या दारावरील दिवा या दोन्ही बाबतींत घातक. त्याचें बटण आंत व दिवा बाहेर. पडदे ओढल्यावर तो चालू आहे कीं बंद, हें आंतल्या माणसास कळत नाहीं. जुन्या पद्धतीचा १८ वॅटचा बल्ब दीड अँपिअर प्रवाह घेतो. आठ तासांत १२ अँपिअर-तास खर्ची पडतात.

यावर पुतण्यानें निघण्यापूर्वींच उपाय योजिला होता. प्रथम त्यानें बॅटरीची तार सोडविली. मग बटणापासून दिव्याकडे जाणाऱ्या तारेस १,००० ओहमचा रेझिस्टर व त्यापुढें एक बारीक तांबडा एलईडी जोडून, एलईडीचें दुसरें टोक ऋण तारेस लाविलें. हा ठिपका बटणाच्या अलीकडच्या तारेस जोडला, तर अखंड जळत राहील. धन-ऋण उलट झालें, तर मुळींच लागणार नाहीं. यास्तव कोणती तार कोठली, हें मीटरनें पारखून घ्यावें लागतें. ठिपक्यास प्रवाह लागतो तो अवघा एका अँपिअरचा शंभरावा हिस्सा.

आपल्याकडे तिन्हीसांजेस दारीं दिवा असावा हा नेम. तेथें निजण्यापूर्वीं तो मालविणें हा शेजारधर्म. मातोश्रींनीं दोन्हीं साधलीं. कड्यावर गेलेलीं मुलें परत येईपर्यंत त्यांनीं दिवा ठेवविला आणि सर्व आंत आल्यावर तांबड्या ठिपक्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “अरे, दारचा दिवा अजून जागा आहे. आतां त्यालाही निजवा.”

गच्चीवरील किंवा परसांतील दिव्यास अशी खूण आपल्या घरींही उपयोगी पडेल. परंतु घरांतील प्रवाह २३० व्होल्टचा. त्यास वरील जोडणी चालणार नाहीं. तें काम जाणत्या वायरमनकडूनच करवून घ्यावें.