‘जी’ की ‘ओई’?

वैमानिकाचा परवाना माणसाच्या नावावर असतो, पण तो चालतो विमानाच्या नोंदणीवर. १९४४च्या शिकागो करारातच तसं ठरलंय: आंतरराष्ट्रीय उड्डाण करणारं विमान ज्या देशात नोंदलेलं, त्या देशाने दिलेला किंवा मान्य केलेला परवाना वैमानिकाकडे हवा. ‘जी’ने सुरू होणारी नोंदणी ब्रिटनची, ‘ओई’ ऑस्ट्रियाची, ‘ईआय’ आयर्लंडची. एअरलाइनसाठी इंग्लंडमध्ये शिकायचं ठरवलं, तेव्हा ही अक्षरं खिशाला किती जड जाणार आहेत ते फीचं पत्रक हातात पडताच कळलं.

२०२० संपेपर्यंत हा प्रश्न नव्हता. ब्रिटन ‘इयासा’ या युरोपीय विमानसुरक्षा संस्थेच्या व्यवस्थेत होता आणि इथला परवाना ‘ईआय’लाही चालायचा, ‘ओई’लाही. ब्रेक्झिटमुळे ३१ डिसेंबर २०२०च्या रात्री ते संपलं. व्यापारकरार झाला, पण वैमानिकांचे परवाने एकमेकांनी मानायचे असं काही त्यात आलं नाही. ब्रिटनने युरोपचे परवाने आणखी दोन वर्षं चालवून घेतले. युरोपने तेवढीही सवलत दिली नाही. जाणत्या वैमानिकांनी मुदतीआधीच आपले परवाने आयर्लंड-ऑस्ट्रियाकडे वळवले होते. आम्ही नंतर आलेल्यांनी दोन्ही काढायचे.

काढायचे म्हणजे काय, तर विषय तेच तेरा: हवामानशास्त्र, विमान कायदा, परफॉर्मन्स, रेडिओ नॅव्हिगेशन वगैरे. अभ्यासक्रमही जवळपास तोच, पण पेपर दोनदा. दोन्हीकडे पास व्हायला पंचाहत्तर टक्के लागतात. मी एकेक विषय तयार झाला की आधी ब्रिटिश पेपर द्यायची आणि डोक्यातलं ताजं आहे तोवर ऑस्ट्रियाच्या प्राधिकरणाचा. ज्ञान दुसऱ्या पेपराने वाढत नव्हतं. प्रश्न विचारायची ढब तेवढी बदलायची, आणि पहिला सोपा गेला म्हणून दुसऱ्याला गाफील बसणं महागात पडू शकत होतं.

क्लास वन मेडिकलचंही तसंच. डोळे, कान, ईसीजी, रक्त सगळं एकदाच तपासलं, कारण डॉक्टरांकडे दोन्हीकडचे अधिकार होते. प्रमाणपत्रं मात्र दोन आणि शुल्कही दोन. उड्डाणाचे तास सुदैवाने दोनदा करावे लागले नाहीत. शाळेला दोन्हीकडची मान्यता होती. फक्त शेवटच्या चाचणीला दोन्हीकडचे अधिकार असलेला परीक्षक शोधायचा, त्याची तारीख मिळवायची, आणि त्या दिवशी ढग वर राहावेत म्हणून देवाला हात जोडायचे.

वर्गात माझ्या शेजारी मूळचा ठाण्याचा एक मुलगा बसायचा. पासपोर्ट ब्रिटिश. त्यानेही दोन्हीकडचे पेपर दिले. मी एकदा विचारलं, “तुला युरोपचा परवाना कशाला रे?” म्हणाला, “जाहिरात आली तर अर्ज तरी करता येईल.” जाहिरात आली. त्यात परवान्याच्या खालच्याच ओळीत अट होती: युरोपीय संघात राहण्याचा आणि काम करण्याचा अधिकार हवा. परवाना त्याच्याकडे होता, अधिकार नव्हता.

माझ्याकडे होता, आणि त्यात माझं कर्तृत्व शून्य. आम्ही फोंड्याचे. बाबांचा जन्म गोवा मुक्त होण्याआधीचा, म्हणजे १९ डिसेंबर १९६१च्या आधीचा. त्यामुळे त्यांची जन्मनोंद लिस्बनला करता आली, ते पोर्तुगीज नागरिक झाले आणि त्यांच्यामागून मीही. स्विंडनमध्ये अशी गोंयकार घरं पुष्कळ आहेत. ब्रिटन बाहेर पडायच्या आधीपासून इथे राहत असल्यामुळे इथला कायमचा रहिवासही मिळाला. आमच्याकडे या पासपोर्टवरून अजून वाद होतात. मुक्तिसंग्रामात तुरुंग पाहिलेल्या घरांना तो घेणं पटत नाही, आणि त्यांचं चूक आहे असं मला म्हणवत नाही. पण दोन्ही परवाने खऱ्या अर्थाने वापरू शकणाऱ्या थोड्यांत मी आहे ती त्या पासपोर्टामुळेच, पेपरांत मिळालेल्या गुणांमुळे नव्हे.

म्हणून आता कुणी विचारलं, “दोन्ही काढू का गं?” तर मी आधी पासपोर्ट विचारते. दोन्हीकडे काम करायची मुभा असेल तर जरूर काढावेत. एकाच कंपनीचीही विमानं आज दोन बाजूंना वाटलेली असतात: ईझीजेटने २०१७मध्येच ऑस्ट्रियात वेगळी कंपनी उभी केली, म्हणून तिची काही विमानं ‘जी’ आणि काही ‘ओई’. मुभा नसेल, तर तो पैसा नव्या विमानाच्या टाइप रेटिंगसाठी राखून ठेवावा. शिवाय परवाना काढून कपाटात ठेवला की टिकत नाही. मेडिकल दरवर्षी, इन्स्ट्रुमेंट रेटिंगही दरवर्षी. ते रेटिंग सात वर्षं तसंच पडू दिलं तर लेखी परीक्षेपासून पुन्हा सुरुवात.

पहिली नोकरी लागेपर्यंत मी दोन्ही चालू ठेवणार आहे. त्यानंतर ज्या अक्षरांच्या विमानात बसेन, तिकडचा परवाना कंपनीच्या सरावातून जिवंत राहील. दुसऱ्याचा खर्च माझा मला. तो किती वर्षं करायचा, हे पहिला पगार हातात आल्यावर ठरवीन.