ज्यावर जीव जडतो

आमच्या घरात बायबलशेजारी ‘उपासना संगीत’ कायम असायचं. मराठी मंडळ्यांमधलं हे गीतांचं पुस्तक मी प्रत्येक वयात वेगळ्या ओढीनं हाती घेतलं.

लहानपणी ओढ होती पेटीची आणि टाळांची. संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत आजी गीत धरायची, आम्ही मागून म्हणायचो. आजी शाळेत गेलेली नव्हती. पाठ असलेल्या गीतांवर बोट फिरवत ती अक्षरं शिकली आणि पुढे गल्लीतल्या बायकांची पत्रं वाचून देऊ लागली. गाण्याच्या प्रेमानं तिला वाचायला लावलं, वाचनानं शेजारणींच्या सुखदुःखात नेलं.

कॉलेजात शब्दांनी वेड लावलं. नारायण वामन टिळकांची पदं गाताना कळलं, की तुकोबांवरची माया बाजूला ठेवून हा कवी ख्रिस्ताकडे गेला नाही. ती सोबत घेऊनच गेला.

मग टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचलं. 1895 मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. काही वर्षांनी त्या पतीकडे परतल्या, तरी सोवळं-ओवळं सुटलं नव्हतं. त्यांना परत आणलं ते नवऱ्यावरच्या प्रेमानं. पुढे ते प्रेम त्याच्या प्रभूपर्यंत पोचलं, जातीची भिंत पडली आणि परक्या मुलांनाही त्यांच्या घरात आई मिळाली. 1919 मध्ये टिळक गेले. त्यांचं अपुरं राहिलेलं ख्रिस्तचरित्राचं काव्य ‘ख्रिस्तायन’ शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईनं पुढे नेलं. त्यातले बहुतेक अध्याय तिचे आहेत.

माणूस स्वतःच्या प्रेमाच्या दिशेनं ओढला जातो, असं संत ऑगस्टिन मानत. आजीकडे आणि लक्ष्मीबाईंकडे पाहून मला ते पटलं. छोट्या प्रेमाला देव तुच्छ लेखत नाही. त्याचंच बोट धरून तो आपल्याला मोठ्या प्रेमाकडे नेतो. सूर, शब्द, आपलं माणूस यांच्यापाशीच आपण थांबलो, तर मात्र मन तेवढंच राहतं. आज तेच पुस्तक उघडतो, तेव्हा चालीच्या आणि शब्दांच्या पलीकडे ज्याच्यासाठी ती गीतं रचली, त्याची ओढ लागते.

ही ओढ खरी की नुसती गोड, याची पारख योहानाच्या पत्रात आहे: डोळ्यांसमोरच्या भावावर प्रेम नसेल, तर न दिसणाऱ्या देवावरचं प्रेम खोटं. म्हणून वाचकहो, काम संपल्यावर आपलं मन आपसूक कुठे धावतं, ते रोज पाहा. तिथे ख्रिस्ताला जागा द्या आणि मग शेजाऱ्याचं दार ठोठावा.