कोपरामागची नस

वडशाकडे करंगळीला आणि तिच्या शेजारच्या अर्ध्या बोटाला सतत मुंग्या येऊ लागल्या की माणूस आधी गप्प बसतो. पुण्यात डॉक्टर विचारतील, कोपर टेकवून लॅपटॉपवर किती वेळ काम करता? इथे वैनगंगेच्या दोन्ही काठांना मनात वेगळाच प्रश्न असतो: महारोग तर नसेल?

प्रश्न रास्त आहे. चंद्रपूर-गडचिरोली हा कुष्ठरोगाचा जुना पट्टा. बाबा आमट्यांची महारोगी सेवा समिती १९४९ साली वरोऱ्यात उभी राहिली ती उगाच नाही. या रोगाच्या जंतूला अंगाचा थंडसर भाग मानवतो, आणि कोपराच्या आतल्या हाडामागून करंगळीकडे जाणारी अल्नर नस कातडीच्या अगदी खाली, म्हणजे थंडच असते. पण तीच नस निव्वळ दाबानेही दुखावते. झाडीपट्टीच्या नाटकात रात्रभर कोपर दुमडून ऑर्गन वाजवणाऱ्याची बोटं बधिर झाली, तर दोन्ही शक्यता सारख्याच तपासायला हव्यात.

मामीची तपासणी मी शेजारी बसून पाहिली. "बोट माझं वाटतच नाही जी," ती म्हणाली. डॉक्टरांनी आधी दोन्ही कोपरांमागे बोट फिरवून नसा चाचपल्या. कुष्ठरोगात ही नस हाडामागच्या खोबणीच्या जरा वर सुतळीसारखी जाड लागते. मामीची तशी नव्हती. खोबणीवर टिचकी मारताच करंगळीपर्यंत करंट गेला. हाताच्या पाठीवरही करंगळीकडची कातडी बधिर होती, म्हणजे दोष मनगटात नाही. कोपराखालचा आतला भाग शाबूत, म्हणजे मानेतही नसावा. मग अंगठा आणि तर्जनीत कागद धरायला देऊन त्यांनी तो ओढला. उजव्या हाताने नीट धरला. डाव्या अंगठ्याचं टोक मात्र वाकलं. फ्रान्सच्या फ्रोमाँ या डॉक्टरांनी १९१५ साली सांगितलेली ही खूण पाहायला कागदाचा चिटोरा पुरतो. पाठीपासून पायापर्यंत कुठे डाग नव्हता. तरी कुष्ठरोग कधी कधी डागाविना नुसत्या नसेतच असतो, म्हणून त्यांनी नसेतल्या संदेशाचा वेग मोजायला नागपूरला पाठवलं. वेग फक्त कोपरापाशी मंदावत होता. दाबच निघाला.

घरच्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि मला त्याचाच राग आला. कुष्ठरोगावरचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, सहा किंवा बारा महिन्यांत उपचार पुरा होतो, आणि नस नुकतीच दुबळी झाली असेल तर स्टेरॉइडने सावरू शकते. दाबलेली नस शस्त्रक्रियेने मोकळी करता येते. पण झिजलेला स्नायू दोन्हीकडे उशिरा येणाऱ्याची वाट पाहत नाही. मामीच्या अंगठ्यामागचं मांस बसलं होतं. पऱ्हे लावण्यापासून धान घरी येईपर्यंत तिने हात पदराआड ठेवला होता. रोग कुठलाही निघाला तरी तू याच घरात, याच पंगतीत जेवशील, हे तिला कुणी आधी सांगितलं असतं, तर ती रोवणीतच दवाखान्यात आली असती.