ती कोणती पोर्ट?

आमच्या घरात पोर्ट वाइनची बाटली एकदाच आली आणि ती अंगणातल्या चिऱ्याच्या पायरीवर फुटली. ही गोष्ट १९५८ सालची. आमचा जन्म होऊन जेमतेम पंधरवडा झाला होता. म्हणजे प्रसंगास आम्ही उपस्थित होतो, परंतु साक्षीदार म्हणून आमचा काही उपयोग नाही. जे सांगतो आहोत ते आईच्या तोंडून अनेकदा ऐकलेले.

बाळंतपणानंतर आईच्या अंगी त्राण उरले नव्हते. पणजीच्या वैद्यकीय शाळेत शिकलेल्या आमच्या डॉक्टरांनी औषधांबरोबर रोज रात्री दोन चमचे पोर्ट घेण्यास सांगितले. आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे हा उपचार नित्याचाच होता. अडचण होती ती आमच्या वडिलांची. १९५५च्या सत्याग्रहात भाग घेतल्याबद्दल अण्णा दीड वर्ष आग्वादच्या तुरुंगात होते. सुटून आल्यावर त्यांनी घरात एकच नियम केला : पोर्तुगालहून आलेली वस्तू या उंबरठ्याच्या आत येणार नाही. तो नियम आजीने मोडला. तिने शेजारणीकरवी बाटली मागवली, माजघरातल्या कपाटात तांदळाच्या डब्यामागे लपवली आणि सुनेला रोज दोन चमचे देऊ लागली. आठव्या दिवशी बाटली अण्णांना सापडली. ते एक शब्दही बोलले नाहीत. बाहेर गेले आणि बाटली पायरीवर आपटली. आजी महिनाभर मुलाशी बोलली नाही. आई सावकाश बरी झाली. बाटलीमुळे की बाटली फुटूनही, हे सांगणे अवघड आहे.

अण्णा १९९१ साली गेले. आई २००९पर्यंत होती. शेवटच्या दिवसांत तिची अन्नावरची वासना उडाली होती. एके संध्याकाळी ती अचानक म्हणाली, “त्या बाटलींतलें मातशें मेळत काय?” कोणत्या बाटलीतले, हे विचारावे लागले नाही. आम्ही दुसऱ्याच दिवशी ‘पोर्ट वाइन’ अशी ठळक अक्षरे असलेली बाटली विकत आणली. अण्णांचा नियम आठवला. परंतु बाटलीवर पत्ता गोव्याचाच होता, त्यामुळे नियमभंग होत नाही, असा अर्थ आम्ही सरकारी सवयीने लावला. आईने चमचाभर वाइन जिभेवर धरली, गिळली आणि म्हणाली, “ही ती न्हय, रे पुता.” ती इतकी काळीतांबडी नव्हती, असे तिने सांगितले, घासलेल्या तांब्याच्या कडेसारखा तिचा रंग होता, वास सुक्या अंजिराचा आणि भाजलेल्या काजूबियांचा. आधी गोड, मग छातीत ऊब. आम्ही चौकशी करतो म्हणालो. तेव्हा कार्यालयात लेखापरीक्षण चालू होते. ते आटोपेपर्यंत आई गेली होती.

पुढे चौदा वर्षांनी, २०२३च्या सप्टेंबरात, पोर्टो शहरात नोकरी करणाऱ्या मुलाकडे आम्ही उभयता महिनाभर राहावयास गेलो. मनात हेतू एकच होता, तो सौभाग्यवतीखेरीज कोणास ठाऊक नव्हता. शोधासाठी आम्ही एक मर्यादा घालून घेतली : पंधरा युरोंच्या वरची बाटली घ्यावयाची नाही. यात निवृत्तिवेतनाचा विचार होताच; परंतु खरे कारण असे, की १९५८ साली औषध म्हणून शेजारणीने आणलेली बाटली महागडी असणे शक्य नव्हते.

मुळात पोर्ट म्हणजे काय, हे आम्हालाही तेथेच नीट कळले. उत्तर पोर्तुगालातील दोरू नदीच्या खोऱ्यात द्राक्षे तुडवून रस आंबवावयास ठेवतात. दोन-तीन दिवसांत निम्मी साखर आंबते न आंबते, तोच त्यात द्राक्षांचेच ऊर्ध्वपातित मद्य घालतात. चार भाग रसास साधारण एक भाग, तीव्रता ७७ टक्के. आंबणे तेथेच थांबते. उरलेली साखर गोडी देते आणि घातलेले मद्य ऊब देते. तयार वाइनमध्ये मद्यार्क साधारण १९ ते २२ टक्के असतो. आईने ‘आधी गोड, मग ऊब’ असे म्हटले होते, त्यात सारी कृती आली होती.

नदीकाठच्या रेल्वेने आम्ही पिन्यांवपर्यंत गेलो. स्थानकाच्या भिंतींवर निळ्या टाइलांत द्राक्षतोडणीची चित्रे आहेत. समोर उभ्या चढाचे डोंगर; पाटीच्या दगडासारखे पापुद्रे सुटणारा तो शिस्ट खडक फोडून, दगडी बांध घालून केलेले मळे. पुढे मार्केश द पोंबाल म्हणून प्रसिद्ध झालेल्या मंत्र्याने १७५६ साली या खोऱ्याची कायदेशीर हद्द आखण्यास आरंभ केला आणि तेथे ग्रॅनाइटचे हद्ददगड रोवले गेले. महसूल खात्यात हयात घालवलेल्या माणसाला हद्दीचा दगड दिसला की समाधान वाटते. एका मळ्यात जुन्या पद्धतीने द्राक्षे तुडवणे चालू होते. कमरेएवढ्या खोल दगडी हौदात माणसे खांद्याला खांदा लावून, मुकादमाच्या तालावर, एक पाय वर एक पाय खाली अशी दोन तास शिस्तीने चालतात. मग ताल थांबतो, वाद्य वाजू लागते आणि ज्याला जसे वाटेल तसे नाचावयाची मुभा मिळते. या दुसऱ्या भागाला तेथे ‘लिबेरदाद’ म्हणतात, म्हणजे स्वातंत्र्य. आम्हाला एकदम अण्णांची आठवण झाली.

तेथेच आणखी एक शब्द भेटला. वाइन मुरवण्याच्या, सुमारे साडेपाचशे लिटरांच्या लांबट लाकडी पात्राला ते ‘पिपा’ म्हणतात. आपले ‘पिंप’ ते हेच. कोशकारांचे ऐकावे तर आपला ‘तुरुंग’ हा शब्दही पोर्तुगीज ‘त्रोंकु’वरून आलेला. म्हणजे पोर्तुगालची कोणतीही वस्तू उंबरठ्याच्या आत येऊ न देणाऱ्या अण्णांना आपल्या त्यागाचे वर्णन करतानाही त्यांचाच शब्द वापरावा लागे, आणि आमच्या न्हाणीघरातले पाण्याचे पिंप तर आधीपासूनच आत होते. अण्णा मराठीचे शिक्षक होते. हे त्यांना ठाऊक नसेल असे आम्हाला वाटत नाही.

परतल्यावर बाटल्या जमवल्या. प्रत्येकीच्या गळ्यावर तेथील नियामक संस्थेची कागदी मोहोर असते. तिच्यावाचून पोर्ट विकता येत नाही. मुलाच्या जेवणाच्या मेजावर आम्ही वही उघडली, तक्ता आखला आणि रोज दोन याप्रमाणे तीन संध्याकाळी सहा बाटल्यांची पारख केली. पेला लहान, अर्धा भरलेला. आधी रंग, मग वास, मग घोट.

पहिली पांढरी, सहा युरोंची. थंड करून, टॉनिक पाणी आणि लिंबाची फोड घालून ती जेवणाआधी घेतात. उकाड्यावर उत्तम, परंतु आमच्या चौकशीशी तिचा संबंध नव्हता.

दुसरी रूबी, तीही सहाचीच. ही मोठ्या टाक्यांत दोन-तीन वर्षेच ठेवतात, हवेचा संपर्क फार होऊ देत नाहीत, म्हणून रंग माणकासारखा राहतो आणि चव ताज्या काळ्या फळांची. काळ्या चॉकलेटबरोबर ती खुलते. स्वस्तात स्वस्त पोर्ट घ्यावयाची तर हीच घ्यावी, असे आमचे मत झाले. ती आपल्या वयाविषयी खोटे बोलत नाही. तिसरी, नऊ युरोंची ‘रिझर्व’ रूबी, याच घरातली थोरली बहीण, अंगाने भरलेली. चौथी ‘लेट बॉटल्ड व्हिंटेज’, तेरा युरोंची. एकाच वर्षाच्या द्राक्षांची, चार ते सहा वर्षांनी बाटलीत भरलेली. तिच्यात रूबीचे फळ आणि वर एक करकरीत तुरटपणा. मुलाने तिला पहिला क्रमांक दिला. आईने मात्र तिलाही ‘काळीतांबडी’च म्हटले असते.

पाचवी टॉनी, सहा युरोंची. खरी टॉनी लहान पिंपांत वर्षानुवर्षे मुरते. लाकडातून हवा शिरते, लाली उतरते आणि तपकिरी छटा येते. स्वस्त टॉनीचे तसे नसते. ती पुष्कळदा रूबीइतकीच कोवळी असते. फिक्या द्राक्षांमुळे आणि रस कमी काढल्यामुळे तिचा रंग उतरलेला दिसतो. पेला तिरका धरला आणि कडेला तांब्याचा रंग दिसला. सौभाग्यवती म्हणाली, “हाच!” आम्ही वास घेतला. अंजीर होते, भाजलेल्या बिया नव्हत्या.

सहावी दहा वर्षांची टॉनी, बरोबर पंधरा युरोंची. हे दहा म्हणजे जन्मतारखेचे दहा नव्हेत. निरनिराळ्या वयांच्या वाइन मिसळून दहा वर्षांचे गुण आले आहेत, असे परीक्षक मंडळाने मान्य केले म्हणजे तो आकडा लावता येतो. सेवाज्येष्ठता आणि योग्यता यांचा इतका समजूतदार मेळ आम्हाला नोकरीत क्वचितच दिसला. हिच्यात भाजलेल्या बिया होत्या, सुकी फळे होती, संत्र्याच्या सालीचा भास होता. गोव्याहून नेलेल्या चणाडाळीच्या दोसाबरोबर ती अशी जुळली, की सगळेच काही वेळ गप्प राहिले. सहांत श्रेष्ठ हीच. परंतु बाळंतिणीसाठी शेजारणीने गुपचूप आणलेली बाटली ही असणे संभवत नव्हते.

दुसऱ्या दिवशी उदास होऊन एकटेच फिरावयास निघालो. शहराच्या पूर्वेस एका रस्त्यावर लष्करी संग्रहालय आहे. त्या इमारतीत पूर्वी सालाझारच्या गुप्त पोलिसांचे, ‘पीडे’चे, ठाणे होते. तेथे कोंडले गेले ते पोर्तुगीजच; त्यांचेच मजूर, त्यांचेच विद्यार्थी. २५ एप्रिल १९७४ रोजी ती राजवट कोसळली आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरला नव्या पोर्तुगालने गोव्याचे भारतातील विलीनीकरण करार करून मान्य केले. अण्णांनी दैनिकातली ती बातमी कापून ठेवली होती. घरातला नियम मात्र मागे घेतला नव्हता. त्या दाराशी उभे असताना वाटले, हौदात द्राक्षे तुडवणारा आणि आग्वादला कोठडीत बसलेला, दोघे एकाच माणसाच्या हुकमाखाली होते. हे अण्णांना सांगितले असते तर त्यांनी ऐकून घेतले असते. बाटली मात्र त्यांनी तरीही फोडली असती, आणि त्यांच्या जागी ते बरोबरच होते. चमचे मोजणारी आजीही बरोबर होती.

परतताना डोक्यात एक साधी गोष्ट आली. आईची बाटली ताजी कोठे होती? ती समुद्रमार्गे आलेली, पणजीच्या उकाड्यात कुणास ठाऊक किती महिने दुकानात उभी राहिलेली, आणि नंतर उघडून आठ दिवस कपाटात ठेवलेली. उष्णतेने पोर्ट लवकर पिकते. खुद्द दोरूच्या वरच्या, उष्ण भागात मुरवलेली वाइन खालच्या गार हवेतल्या गायापेक्षा लवकर तपकिरी होते, असे तेथील लोकच सांगतात. उघडलेली रूबी आठवडाभरात संपवावी, टॉनी दोन-तीन आठवडे टिकते, हेही याचमुळे. एकीला हवेची सवय नसते, दुसरीला असते. आम्ही सहा युरोंची टॉनी शीतकपाटातून काढली आणि स्वयंपाकघरात चुलीशेजारच्या फळीवर ठेवून दिली.

आठव्या रात्री सौभाग्यवतीने दोन चमचे एका वाटीत ओतले. फळाचा ताजेपणा गेला होता. त्या जागी काहीतरी कोरडे, खमंग आले होते. दहा वर्षांच्या टॉनीइतके स्पष्ट नव्हे, पण होते. आम्ही ती जिभेवर धरली. गोड, मग ऊब. पुरावा म्हणून हे कोठेही टिकणार नाही, हे आम्ही जाणतो. तरी वहीत ‘जुळते’ असे लिहिले आणि तारीख घातली.

गोव्याला परतल्यावर त्या स्थानिक बाटलीची आठवण झाली. आपल्याकडील अशा वाइनमध्ये पुष्कळदा बंगळूर निळी द्राक्षे असतात. त्यांचा उग्र गोड वास निराळाच. ती वाईट नाही, फक्त तिच्यावर नाव दुसऱ्याचे आहे. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशन मिळाले तेव्हा आम्हीच कार्यालयात पेढे वाटले होते. आपल्या फेणीचे नाव जपणाऱ्यांनी दुसऱ्याच्या हद्दीतला दगड आपल्या कुंपणात आणून रोवू नये, एवढेच वाटते.

येताना मुलाने एक टॉनी सामानात घालावयास आणली होती. आम्ही ती घेतली नाही. तो थोडा हिरमुसला. म्हणाला, आजीच्या फोटोपुढे ठेवता आली असती. फोटो आजी-आजोबांचा एकत्र आहे, हे त्याला सांगितले. घरी फक्त वही आणली. ती माजघरातल्या कपाटात, तांदळाच्या डब्यामागे आहे.