नदीची हद्द

पुण्यात सिंहगड रस्त्यावरून मुठा नदीच्या बाजूच्या गल्ल्यांत शिरलं, तर नदी चटकन दिसत नाही. दवाखाने, पोळी-भाजी केंद्रं, शिकवण्यांच्या पाट्या आणि एकमेकींना खेटून उभ्या सोसायट्या. नदी त्यांच्या मागच्या भिंतीपलीकडे. विठ्ठलवाडीच्या देवळापाशी गेलं की मात्र ती भेटते. आषाढीला इथे लोटणारी गर्दी पाहिली, की हा काठ मूळचा गावांचा आणि शेतांचा होता हे पटतं.

मला हा भाग मनापासून आवडतो. पेठांतल्या वाड्यांत मावेनाशा झालेल्या कितीतरी संसारांना यानेच स्वतःचं स्वयंपाकघर दिलं. पण याच पेठांनी १२ जुलै १९६१ पाहिला होता. पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि नारायण-शनिवार पेठांत पाणी घुसलं. त्यांच्याच पुढच्या पिढीने पूरपात्रालगत घरं कशी घेतली?

मला वाटतं, धरणांनीच आपल्याला फसवलं. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर अशी चार धरणं वर पाणी अडवतात; खाली वर्षातले बरेच महिने मुठा म्हणजे सांडपाण्याची धार. तिच्या बाजूची कोरडी जमीन रिकामी वाटू लागली. भराव पडले, इमारती उठल्या. नकाशावर निळी आणि लाल पूररेषा असते: २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, १०० वर्षांतून एकदाच्या पुराची लाल. घर घेणाऱ्या किती जणांना ती कुणी दाखवली असेल? आयुष्याची पुंजी घालणाऱ्याला दोष देणं मला जमत नाही. परवानगीची सही करणाऱ्यांना ती रेषा ठाऊक असायलाच हवी होती.

२५ जुलै २०२४ च्या पहाटे याच भागातल्या एकतानगरीत पाणी शिरलं. वरून धरणाचा विसर्ग, त्यात धरणाखाली कोसळलेला पाऊस. माणसं बोटींतून बाहेर काढावी लागली. तळमजल्यांवरचे फ्रीज, गाद्या, मुलांची दप्तरं चिखलात गेली. ऑगस्टमध्ये पुन्हा तेच.

आता संरक्षक भिंतीची मागणी होते. ज्याच्या घरात दोनदा पाणी आलं त्याने ती करणं साहजिक आहे, पण इथे अडलेलं पाणी समोरच्या काठावर चढेल. पानशेतनंतर याच शहराने पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर वसवलं. निळ्या रेषेतल्या कुटुंबांनाही तशीच हक्काची, उंचावरची घरं मिळावीत, शक्यतो याच परिसरात, म्हणजे मुलांच्या शाळा सुटणार नाहीत. आणि मोकळी झालेली जमीन पुन्हा कुणाला विकली जाऊ नये.