बांगडा, नाक आणि निळा उजेड

प्रिय नंदू,

ट्यूना सँडविच खाल्लंस आणि अर्ध्या तासात तोंड लालबुंद, डोकं ठणकायला लागलं! वर म्हणतेस, "रत्नागिरीच्या मुलीला माशाची ॲलर्जी झाली, कुणाला सांगू नकोस." अगं, ही ॲलर्जी नसेलही. मला तरी हिस्टामीनचाच संशय येतोय.

बांगडा, तारली, कुपा या माशांत हिस्टिडीन हे अमिनो आम्ल भरपूर. मासा बर्फाविना पडून राहिला की जंतू त्या हिस्टिडीनचं हिस्टामीन करतात. ते एकदा झालं की तळ, उकड, डब्यात बंद कर, जात नाही. आणि त्याला वास नाही. मिरकरवाडा बंदरावर कल्ला उचलून मासा जोखणाऱ्या माझ्या आत्याचं नाकही इथे फसेल.

म्हणून हिस्टामीन मोजावं लागतं. आमच्या लॅबचं हे रोजचं काम एचपीएलसी या पद्धतीवर चालतं. सध्या मात्र उजेड मोजायची पद्धत तिच्याशी ताडून बघतोय. मासा आम्लात वाटायचा, गाळायचा, आम्लपणा मारायचा. मग डायमाइन ऑक्सिडेज हे एन्झाइम घालायचं. ते हिस्टामीन मोडतं तेव्हा हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं. त्यात पेरॉक्सिडेज आणि ल्युमिनॉल पडलं की निळा उजेड निघतो, 425 नॅनोमीटरच्या आसपासचा. बाहेरचा दिवा लागत नाही; मिट्ट अंधारात यंत्र तेवढाच उजेड मोजतं, म्हणून अगदी थोडंसं हिस्टामीनही सापडतं. एन्झाइम बदललं, ग्लुटामेट ऑक्सिडेज घेतलं, की याच युक्तीने सोया सॉसमधलं ग्लुटामेट मोजता येतं.

सगळे त्या निळ्या उजेडावर भाळतात. मी नाही. सडत्या माशातल्या प्युट्रेसीन आणि कॅडॅव्हरीनवरही डायमाइन ऑक्सिडेज चालतं, म्हणजे त्यांचा उजेडही हिस्टामीनच्या खात्यावर जमा! उलट अर्काचा रंग उजेड गिळतो. म्हणून त्याच अर्कात मोजून हिस्टामीन घालायचं आणि घातलेलं सगळं परत दिसतंय का ते बघायचं. कंटाळवाणं काम आहे, पण पद्धतीवर विश्वास ठेवायचा तो याच्या जोरावर. माशासाठी युरोपचा नियम कडक: खेपेतल्या नऊ नमुन्यांत किलोमागे 200 मिलिग्रॅमच्या वर एकही चालत नाही, 100 ते 200 मधले फार तर दोन. आकडा चुकला तर अख्खी खेप परत.

आणि हो, तुझ्या चिपळूणच्या सासऱ्यांना टीबीच्या गोळ्या सुरू आहेत ना? त्यांत आयसोनियाझिड असणार. आपल्या आतड्यातही हेच डायमाइन ऑक्सिडेज हिस्टामीन मोडत असतं आणि ते औषध त्यालाच अडवतं. म्हणजे तुला-मला पचेल तो बांगडा त्यांना बाधू शकतो. गोळ्या अजिबात बंद करायच्या नाहीत, पण डॉक्टरांना मासळीचं विचारायला सांग. आजच फोन कर सासऱ्यांना. चिपळुणात सध्या बांगडा स्वस्त झालाय.

तुझी,
मंगल